वायूंमधील रासायनिक समतोल व समतोल स्थिरांक : अमोनियाचे उदाहरण

नायट्रोजन व हायड्रोजन या वायूंचे मिश्रण बंद पात्रात कितीही काळ तापवत ठेवले, तरी सगळ्याचे अमोनियात रूपांतर होत नाही. अमोनिया तयार होत असतानाच त्याचे विघटनही सुरू असते. काही वेळाने दोन्ही अभिक्रियांचा वेग सारखा होतो आणि मिश्रणातील घटकांचे प्रमाण बदलेनासे होते. या अवस्थेला रासायनिक समतोल म्हणतात. अभिक्रिया थांबलेली नसते. दोन्ही दिशांना ती सारख्याच वेगाने चालू असते.

स्थिरांक काढण्याची रीत

समीकरण असे आहे :

नायट्रोजन + ३ हायड्रोजन ⇌ २ अमोनिया

१८६४ मध्ये नॉर्वेच्या गुल्डबर्ग व वागे यांनी मांडलेल्या नियमातून समतोल स्थिरांकाची कल्पना पुढे आली. वायूंच्या बाबतीत प्रत्येक घटकाचा आंशिक दाब घेतात आणि समीकरणातील सहगुणक हा त्याचा घातांक धरतात. म्हणून अमोनियाच्या दाबाच्या वर्गाला, नायट्रोजनचा दाब व हायड्रोजनच्या दाबाचा घन यांच्या गुणाकाराने भागावे.

समजा, नायट्रोजन व हायड्रोजन १ : ३ या प्रमाणात घेतले. ४०० अंश सेल्सिअस तापमानाला व १० अ‍ॅटमॉस्फिअर दाबाला समतोल मिश्रणात ३.८५ टक्के अमोनिया आढळते. तेव्हा अमोनियाचा आंशिक दाब ०.३८५. उरलेल्या ९.६१५ पैकी एक चतुर्थांश, म्हणजे २.४०४ नायट्रोजनचा आणि ७.२११ हायड्रोजनचा. ०.३८५ चा वर्ग ०.१४८, ७.२११ चा घन ३७५. ३७५ ला २.४०४ ने गुणले की सुमारे ९०१ येतात. भागाकार ०.०००१६४. हाच स्थिरांक.

आता दाब १०० अ‍ॅटमॉस्फिअर करा. अमोनिया २४, नायट्रोजन १९ व हायड्रोजन ५७ असे दाब मांडून पाहिले, तर ५७६ भागिले (१९ × ५७ चा घन), म्हणजे पुन्हा ०.०००१६४ च मिळतात. दाब बदलला, स्थिरांक तोच राहिला. अमोनिया मात्र जवळजवळ ४ टक्क्यांवरून २४ टक्क्यांवर गेले. प्रत्यक्ष मोजणीत ते सुमारे २५ टक्के भरते, कारण जास्त दाबाला वायू आदर्श वायूच्या नियमापासून थोडे ढळतात.

स्थिरांक बदलतो तो तापमानाने. ही अभिक्रिया उष्मादायी असल्याने ५०० अंशांना तो सुमारे ०.००००१४५, म्हणजे अकराव्या हिश्श्याइतकाच उरतो. उत्प्रेरकाने स्थिरांकात काहीच फरक पडत नाही. समतोल लवकर गाठला जातो, एवढेच.

एका आकड्याचे महत्त्व

फ्रिट्झ हाबर यांनी प्रारंभी सुमारे १००० अंशांना, साध्या दाबाला मोजणी केली. तेथे अमोनियाचे प्रमाण एका टक्क्याच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास होते. इतक्या अल्प राशीत मोजणीची किरकोळ चूकही मोठी ठरते. १९०७ मध्ये हॅम्बुर्ग येथील सभेत वाल्टर नेर्न्स्ट यांनी हाबर यांच्या आकड्यांवर आक्षेप घेतला. हाबर यांनी रॉबर्ट ल रोसिन्योल यांच्यासह ३० अ‍ॅटमॉस्फिअर दाबाला प्रयोग पुन्हा केले. दाब वाढल्याने अमोनिया वाढले व मोजणी अधिक भरवशाची झाली.

या आकड्यांवरून मार्ग स्पष्ट झाला : तापमान शक्य तितके कमी, दाब खूप जास्त, आणि कमी तापमानातही वेग टिकवणारा उत्प्रेरक. १९०९ मध्ये कार्ल्सरूह येथे ऑस्मियम वापरून हाबर यांनी हे करून दाखवले. कार्ल बॉश यांनी त्याला कारखान्याचे रूप दिले आणि १९१३ मध्ये ओपाऊ येथे उत्पादन सुरू झाले. आजचा युरियाही याच अमोनियापासून बनतो.

विद्यार्थ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे : अभिक्रिया कुठवर जाईल हे स्थिरांक सांगतो, किती लवकर जाईल हे सांगत नाही. कारखाना उभारण्यासाठी दोन्ही प्रश्नांची उत्तरे लागतात. पण पहिल्याचे उत्तर हाती नसेल, तर दुसऱ्यावर केलेले श्रम वाया जाण्याचा संभव असतो.