‘ऑलिंपिया’: कॅमेऱ्याने जे दाखवलं आणि जे लपवलं

टीव्हीवर धावण्याची शर्यत लागली की कॅमेरा खेळाडूच्या बरोबरीने रुळावरून पळतो. पोहण्याच्या स्पर्धेत पाण्याखालचं दृश्य दिसतं. लांब उडी स्लो मोशनमध्ये उलगडत जाते. आपल्या मुलांना यात काही नवल वाटत नाही. पण यातल्या बऱ्याच गोष्टी ज्या सिनेमात पहिल्यांदा इतक्या मोठ्या प्रमाणावर वापरल्या गेल्या, तो हिटलरच्या सरकारच्या पैशांतून बनला होता. त्याचं नाव ‘ऑलिंपिया’ आणि दिग्दर्शिका लेनी रीफेनश्टाल. हा इतिहास आपण आणि आपल्या मुलांनी माहीत करून घ्यायला हवा, कारण प्रचार कसा काम करतो हे त्यातून नीट कळतं.

पैसा सरकारचा, नाव दुसऱ्याचं

१ ते १६ ऑगस्ट १९३६ या काळात बर्लिनमध्ये ऑलिंपिक झालं. त्याच्या आदल्याच वर्षी न्यूरेंबर्ग कायदे करून ज्यूंचं नागरिकत्व काढून घेण्यात आलं होतं. अमेरिकेत स्पर्धेवर बहिष्कार टाकण्याची मागणी जोरात होती. अशा वेळी जगाला शांत, शिस्तीचा, पाहुणचार करणारा जर्मनी दाखवायचा होता.

सिनेमासाठी १५ लाख राइशमार्कचं बजेट प्रचारमंत्री गोबेल्सच्या खात्याने मंजूर केलं. पण सरकार निर्माता म्हणून उघडपणे दिसायला नको होतं. म्हणून ‘ऑलिंपिया फिल्म’ नावाची कंपनी काढली गेली. कागदावर ती दिग्दर्शिका आणि तिच्या भावाची होती, मालक खरा सरकारच. नंतर रीफेनश्टाल आयुष्यभर म्हणत राहिली की हा स्वतंत्र सिनेमा होता. कागदपत्रं मात्र वेगळं सांगतात.

तंत्र खरोखर कमालीचं होतं

इथे प्रामाणिकपणे बोलायला हवं. कॅमेरामन मंडळींनी केलेलं काम अफाट होतं. उडीच्या मैदानाशेजारी खड्डे खणून त्यात कॅमेरे बसवले, म्हणजे खेळाडू खालून, थेट आभाळाच्या पार्श्वभूमीवर दिसेल. हान्स एर्टलने पाण्याखाली चालणारा कॅमेरा तयार केला. त्यामुळे सूर मारणाऱ्या खेळाडूला आधी हवेत आणि मग पाण्यात टिपता आलं. छोटे कॅमेरे फुग्यांना बांधून वर सोडले. मॅरेथॉनच्या सरावात धावपटूंकडे लहान कॅमेरे देऊन त्यांच्याच नजरेने पाय आणि रस्ता टिपला.

एकूण सुमारे ४ लाख मीटर फिल्म खर्च झाली. ती कापून, जोडून दोन भागांचा सिनेमा व्हायला दीड वर्षाहून जास्त वेळ लागला. आणि सगळं काही ‘लाइव्ह’ नव्हतं. बांबू उडीची अंतिम फेरी अंधार पडेपर्यंत चालली, म्हणून दुसऱ्या दिवशी खेळाडूंना पुन्हा उड्या मारायला लावून ती दृश्यं घेतली. म्हणजे डोळ्यांनी पाहिलं तेही सगळं जसंच्या तसं घडलेलं असेलच असं नाही.

खोटं न बोलता केलेला प्रचार

अनेकांना वाटतं, प्रचार म्हणजे खोटं बोलणं. ‘ऑलिंपिया’त तसं फारसं नाही. चार सुवर्णपदकं जिंकणारा कृष्णवर्णीय अमेरिकन जेसी ओवेन्स त्यात दिमाखात दिसतो. त्यामुळेच लोक फसतात. ‘बघा, यांनी सगळ्यांना इज्जत दिली’ असं वाटतं. खरा डाव होता तो काय दाखवायचं नाही, यात.

स्पर्धेच्या आधी शहरातल्या ज्यूविरोधी पाट्या तात्पुरत्या काढल्या गेल्या. १६ जुलै १९३६ रोजी बर्लिनमधल्या रोमा आणि सिंती लोकांना पकडून शहराच्या टोकाला, मार्त्सान इथल्या छावणीत टाकलं. शहराच्या उत्तरेला साक्सनहाउसेनच्या छळछावणीचं बांधकाम त्याच उन्हाळ्यात सुरू झालं. ग्रेटेल बर्गमन या ज्यू मुलीने उंच उडीत १.६० मीटरच्या जर्मन विक्रमाशी बरोबरी केली होती. तरी तिला ऐनवेळी संघातून वगळलं. यातलं काहीही पडद्यावर नाही.

मॅरेथॉन जिंकणारा सोन की-चंग कोरियाचा होता, पण कोरिया जपानच्या ताब्यात असल्याने तो जपानच्या नावावर धावला. सिनेमात तो जपानीच आहे. इकडे कोरियातल्या ‘दोंग-आ इल्बो’ या वर्तमानपत्राने त्याच्या फोटोतला जपानी झेंडा पुसून टाकला. त्याची शिक्षा म्हणून ते वर्तमानपत्र काही महिने बंद ठेवण्यात आलं.

आपल्याकडचंही थोडं सांगायला हवं. १५ ऑगस्ट १९३६ ला ध्यानचंद यांच्या संघाने हॉकीच्या अंतिम सामन्यात जर्मनीला ८-१ असं हरवलं. त्या संघात अली इक्तिदार शाह दारा होते, जे १९४८ मध्ये पाकिस्तानच्या ऑलिंपिक हॉकी संघाचे कर्णधार झाले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथकही बर्लिनला गेलं होतं आणि त्याने देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली होती.

पुढे काय झालं

सिनेमाचं पहिलं प्रदर्शन २० एप्रिल १९३८ ला, हिटलरच्या वाढदिवशी झालं. त्याआधी महिनाभरच जर्मनीने ऑस्ट्रिया गिळला होता. त्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात सिनेमाला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. नोव्हेंबरमध्ये रीफेनश्टाल अमेरिकेत सिनेमा विकायला गेली. नेमक्या त्याच दिवसांत जर्मनीत ज्यूंची दुकानं आणि प्रार्थनास्थळं जाळली गेली आणि हॉलिवूडने तिच्याकडे पाठ फिरवली.

पुढच्या एका सिनेमासाठी तिने छावण्यांमधल्या रोमा लोकांना एक्स्ट्रा म्हणून वापरलं. त्यातले अनेकजण नंतर आउश्वित्झमध्ये मारले गेले. ज्यांना १९३६ मध्ये कॅमेऱ्याबाहेर ठेवलं, त्यांना नंतर कॅमेऱ्यासमोर आणलं तेही असं.

तंत्र मात्र टिकलं. रुळावरचा कॅमेरा, पाण्याखालचा कॅमेरा, स्लो मोशन, खालून घेतलेला शॉट हे सगळं आज प्रत्येक स्पर्धेत आहे. ग्रीसमधून मशाल धावत आणण्याची प्रथासुद्धा १९३६ चीच आहे. तंत्राला धर्म किंवा पक्ष नसतो. ते कोणाच्या हातात आहे आणि पैसा कोण देतोय, यावर सगळं ठरतं.

म्हणून घरात मुलांबरोबर एखादा भव्य व्हिडिओ किंवा रील बघताना तीन प्रश्न विचारायची सवय लावू या. हे कोणाच्या पैशातून बनलं? यात कोण दिसत नाही? आणि हे बघून मला काय वाटावं अशी बनवणाऱ्याची इच्छा आहे? खेळाचा आनंद घ्या, जरूर घ्या. फक्त डोळे दिपले तरी विचार चालू राहू द्या.