ईदच्या शुभेच्छा आणि भाषा : पापनाशमचे उदाहरण

प्रस्तावना

विद्यार्थी मित्रांनो, भारतात ईदच्या दिवशी सर्व मुसलमान एकमेकांना उर्दूत शुभेच्छा देतात, अशी आपल्यापैकी अनेकांची समजूत असते. या पाठात ती तपासून पाहू. त्यासाठी तमिळनाडूच्या तंजावर जिल्ह्यातील पापनाशम तालुका घेऊ. कावेरीच्या खोऱ्यातील या तालुक्यात राजगिरी, पंडारवाडै, अय्यमपेट्टै, चक्करपळ्ळी अशी मोठी मुस्लिम वस्ती असलेली गावे आहेत. येथील बहुतेक मुसलमानांची मातृभाषा तमिळ आहे. या भागातील प्रमुख समाज रावुत्तर. ‘रावुत्तर’ म्हणजे घोडेस्वार. मराठीतील ‘राऊत’ हा त्याच कुळातला शब्द.

‘ईद मुबारक’चा अर्थ

‘ईद’ हा अरबी शब्द ‘परत येणे’ या अर्थाच्या धातूपासून आला, असे सामान्यतः सांगितले जाते. म्हणजे दरवर्षी परतून येणारा सण. ‘मुबारक’ म्हणजे बरकत लाभलेला. दोन्ही शब्द अरबी असले, तरी ही जोडी फारसी व उर्दूमार्गे आपल्याकडे रुळली. अरबी भाषकांमध्ये ‘ईद सईद’ आणि ‘कुल्लु आम व अन्तुम बिखैर’ (दरवर्षी तुम्ही खुशाल असा) हेही प्रकार प्रचलित आहेत.

तमिळमधील शुभेच्छा

पापनाशम भागात ‘ईद मुबारक’ ऐकू येतेच. पण खास तमिळ शुभेच्छा अशी आहे : ‘नोन्बु पेरुनाळ नल्वाऴ्त्तुगळ’. तिची फोड करू.

• नोन्बु : व्रत, उपवास. हिंदू स्त्रियांच्या व्रतांनाही तमिळमध्ये हाच शब्द आहे.
• पेरुनाळ : पेरु म्हणजे मोठा, नाळ म्हणजे दिवस.
• नल्वाऴ्त्तुगळ : चांगल्या शुभेच्छा. याच्या मुळाशी ‘वाऴ्’ म्हणजे जगणे, भरभराटणे हा धातू आहे. पोंगलच्या शुभेच्छांतही हाच शब्द येतो.

रमजान ईदला ‘ईगै तिरुनाळ’ म्हणजे दानाचा सण असेही म्हणतात. नमाजापूर्वी गरिबांना फित्रा देण्याची प्रथा लक्षात घेतली, तर हे नाव किती नेमके आहे ते कळेल. बकरी ईद ही ‘हज्जु पेरुनाळ’ किंवा ‘त्याग तिरुनाळ’. शेजारच्या मल्याळममध्ये रमजान ईद ‘चेरिय पेरुन्नाळ’ (लहान सण), तर बकरी ईद ‘वलिय पेरुन्नाळ’ (मोठा सण) होते.

उच्चाराकडेही लक्ष द्या. या महिन्याच्या अरबी नावातील एक व्यंजन फारसीत ‘ज़’ झाले, म्हणून उर्दूत आणि मराठीत आपण ‘रमजान’ म्हणतो. तमिळ मुसलमान मात्र ‘रमलान’ असेही लिहितात. हा अशुद्ध उच्चार नव्हे. तोच अरबी ध्वनी फारसीच्या वाटेने न जाता तमिळमध्ये असा उतरला आहे. तमिळ किनाऱ्यावर इस्लाम मुख्यतः अरबी समुद्रव्यापाराबरोबर आला, हा इतिहास अशा एका अक्षरातही दिसतो.

इतर भाषांतील उदाहरणे

• मराठी : ईद मुबारक, रमजान ईदच्या हार्दिक शुभेच्छा.
• बंगाली : ईद मोबारक, ईदेर शुभेच्छा.
• पश्तू : अख्तर दे मुबारक शा. येथे ‘अख्तर’ म्हणजे ईद.
• तुर्की : बायरामिनिज मुबारेक ओल्सुन. ‘बायराम’ म्हणजे सण.
• हौसा (पश्चिम आफ्रिका) : बर्का द सल्ला. ‘बर्का’ आणि ‘मुबारक’ यांचा धातू एकच.
• मलय : सलामत हारी राया, माफ जाहिर दान बातिन. म्हणजे सणाच्या शुभेच्छा. कळत-नकळत झालेल्या चुकांची माफी असावी.

मलयमधील ‘माफ’ आणि ‘जाहिर’ तुम्हाला सहज ओळखता येतील. ‘हारी’ म्हणजे दिवस, ‘राया’ म्हणजे मोठा. म्हणजेच ‘हारी राया’ आणि ‘पेरुनाळ’ यांचा अर्थ एकच! तंजावर जिल्ह्यातून कामधंद्यासाठी मलेशिया-सिंगापूरला गेलेल्या तमिळ मुसलमानांच्या कानावर या दोन्ही शुभेच्छा पडतात.

हे समजणे का आवश्यक आहे?

धर्मावरून भाषा ठरवली, की माणसाची अर्धी ओळख पुसली जाते. तमिळ मुसलमान मशिदीला ‘पळ्ळिवासल’ आणि नमाजाला ‘तोऴुगै’ म्हणतात. त्यामुळे त्यांची श्रद्धा कमी ठरत नाही, आणि ‘अस्सलामु अलैकुम’ म्हटल्याने त्यांचे तमिळपणही कमी होत नाही. वसतिगृहात तमिळ मुस्लिम मित्र भेटला, तर त्याला उर्दू येत असेलच असे गृहीत धरू नका. ‘ईद मुबारक’ त्याला नक्की कळेल. ‘पेरुनाळ वाऴ्त्तुगळ’ म्हटलेत, तर ते त्याच्या घरचे बोल असतील.

सारांश

ईदच्या शुभेच्छांमध्ये तीन थर दिसतात : अरबी धार्मिक शब्द, फारसी-उर्दूमार्गे पसरलेले शब्द आणि स्थानिक भाषेतील शब्द. कोणता थर ठळक राहील, हे त्या प्रदेशाच्या इतिहासावर अवलंबून असते.

स्वाध्याय

1. ‘रमजान’ आणि ‘रमलान’ या रूपांतील फरकाचे कारण स्पष्ट करा.
2. ‘पेरुनाळ’ आणि ‘हारी राया’ यांतील साम्य सांगा.
3. तुमच्या परिसरातील मुस्लिम कुटुंबे ईदच्या दिवशी कोणकोणत्या भाषांत शुभेच्छा देतात, याची नोंद करा आणि प्रत्येक शब्द वरीलपैकी कोणत्या थरात बसतो ते लिहा.