रताळं-सफरचंद बेक: साखर न घालताही गोड!

रताळं म्हटलं की आपल्याला आठवते एकादशी नाहीतर महाशिवरात्र. कोलकात्यात याच रताळ्याला ‘रांगा आलू’ म्हणतात. पौष संक्रांतीला त्याची पुली तळून पाकात सोडतात. पण खरं तर रताळ्याला पाक लागतच नाही! मंद आचेवर हळूहळू शिजताना त्यातल्या स्टार्चची माल्टोज नावाची साखर बनते. मायक्रोवेव्हमध्ये झटपट शिजवलं, तर हा गोडवा कमी उतरतो. म्हणूनच ते बेक करून बघा. थंडीत कोलकात्याच्या बाजारात दार्जिलिंगची संत्री येतात, त्यांचा आंबटपणा इथे छान जुळतो.

कृती (चार जणांसाठी)
अर्धा किलो रताळी सोलून बोटभर जाडीच्या चकत्या करा. दोन सफरचंदांच्या फोडी, दोन संत्र्यांचा रस, दोन चमचे तूप आणि चिमूटभर सैंधव घालून हलकेच मिसळा. भांडं फॉइलने झाकून, आधीच गरम केलेल्या ओव्हनमध्ये १८० अंश सेल्सिअसवर ३५ मिनिटं ठेवा. मग फॉइल काढून आणखी १५ मिनिटं, कडा तांबूस होईपर्यंत. ओव्हन नाही? जाड बुडाच्या कढईत झाकण ठेवून अगदी मंद आचेवर शिजवा.

घरात कुणाला मधुमेह असेल, तर त्यांना वाटीभर नको, दोन-तीन फोडीच वाढा. वरून साखर नसली, तरी रताळ्याची स्वतःची आहेच.