आईला जकात चालत नाही

गेल्या जुम्म्याला मानोरा तालुक्यातल्या इंझोरीत नातेवाइकांकडे इफ्तारला गेलो होतो. रोजा सुटायला अवकाश होता. अंगणात सत्तरीच्या एक खाला बसल्या होत्या. मी प्राध्यापक, म्हणजे मला कागद समजतात, असा त्यांचा हिशेब. हळूच म्हणाल्या, "बेटा, माझा पोरगा शहरात कमावतो. दरसाल जकात काढतो. ती दुसऱ्याला देण्यापेक्षा मलाच दिली तर नाही का चालत?"

चालत नाही. जकात म्हणजे वर्षभर शिलकीत राहिलेल्या संपत्तीतला अडीच टक्के वाटा, गरजूंसाठीचा. पण आई-वडिलांना आणि आजी-आजोबांना तो देता येत नाही, कारण गरज असेल तेव्हा त्यांना सांभाळणे मुलांवर आधीच बंधनकारक आहे. ज्याचे देणे लागतो, त्याला दान कसे देणार? हे ऐकून खाला थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मी मागू शकते?"

कायद्याचेही उत्तर तेच आहे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा 2007 साली झाला आणि महाराष्ट्रात 1 मार्च 2009 पासून लागू आहे. तो सर्व धर्मांच्या लोकांना सारखाच आहे. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणापुढे करायचा. वकील लावावाच लागत नाही. अर्ज करण्याइतके त्राण नसेल, तर अर्जदाराच्या संमतीने दुसरी व्यक्ती किंवा संस्था तो करू शकते. नोटीस बजावल्यापासून 90 दिवसांत निकाल अपेक्षित असतो. फार तर आणखी 30 दिवस. महिना 10 हजार रुपयांपर्यंत निर्वाह भत्ता मिळू शकतो. मुलीही यातून सुटत नाहीत. हा कायदा येण्यापूर्वीच, 1987 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने कल्याणच्या एका डॉक्टर मुलीच्या प्रकरणात विवाहित मुलीवरही वडिलांची जबाबदारी असल्याचे सांगितले होते. लातूर जिल्हा परिषदेने तर 2020 च्या अखेरीस ठराव करून, आई-वडिलांकडे पाठ फिरवणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या पगारातून 30 टक्के रक्कम कापून आई-वडिलांच्या खात्यात जमा करायला सुरुवात केली.

शेजारचे एक बाबा ऐकत होते. "माह्यं काय? म्या तं वावर पोराच्या नावानं करून देल्लं."

इथेच बहुतेकांची गाडी अडते. मालमत्ता देताना सांभाळाची अट घातली असेल आणि ती पाळली गेली नाही, तर कलम 23 खाली न्यायाधिकरण तो व्यवहार रद्द ठरवू शकते. मध्य प्रदेशातल्या एका आईने मुलाला दिलेले बक्षीसपत्र सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये असेच रद्द केले. म्हणून बक्षीसपत्र असो की हिबा, सांभाळाची अट कागदावर आलीच पाहिजे. लाजेखातर लोक ती लिहीत नाहीत. बाबांनीही लिहिली नव्हती. तरी निर्वाह भत्ता मागण्याचा त्यांचा हक्क त्यामुळे जात नाही.

पोराकडून मिळेल तेव्हा मिळेल, पण आजच्या तेल-मिठाचे काय? वय 65 च्या पुढे आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 21 हजारांच्या आत असेल, तर तहसील कार्यालयात श्रावणबाळ योजनेचा अर्ज करता येतो. महिना 1,500 रुपये मिळतात. उत्पन्नाचा दाखला, हयातीचा दाखला आणि आधार जोडलेले बँक खाते लागते. जन्मभर कापूस वेचून झिजलेल्या बोटांचे ठसे मशीनवर उमटत नाहीत, हा त्रास वेगळाच. अशा वेळी सोबत कुणी तरुण हवा. कॉलेजच्या मुलांना मी हेच काम सांगतो. त्यांना ते निबंधापेक्षा आवडते.

घरबसल्या विचारायचे असेल, तर ज्येष्ठांसाठी 14567 हा क्रमांक आहे, सकाळी 8 ते रात्री 8. कायदेशीर मदतीसाठी 15100. स्त्रियांना मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अटही नाही.

खालांनी सगळे ऐकून घेतले. त्यांचा प्रश्न निराळाच होता. "अर्जात पोराचं नाव लिहावं लागतं?"

लागते. मी त्यांना सांगितले, की सुनावणीआधी प्रकरण सलोखा अधिकाऱ्याकडे पाठवता येते; तो दोघांना बसवून महिन्याभरात समझोत्याचा प्रयत्न करतो. त्यावर त्या जरा सैल झाल्या. मशिदीतून अजान आली. खजूर हातात घेत म्हणाल्या, "मग ईदनंतर लिहू. ईदला तो घरी येतो."