बोटाचा ठसा आणि शाळेतील टॅब

जमिनीच्या जुन्या खरेदीखताच्या अखेरीस ‘निशाणी डावा अंगठा’ असे शब्द आणि त्यांच्याशेजारी काळ्या शाईचा एक पुसट गोल असे. ज्याला लिहिता येत नसे, त्याची ती सही. १९५९ साली सातारा जिल्ह्यातून ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली, तेव्हा खेड्यातील प्रौढाने अंगठा सोडून हाती लेखणी धरावी यासाठी प्राथमिक शिक्षकांनीच कष्ट घेतले. आता तोच अंगठा शाळेत परत आला आहे, आणि ह्या खेपेस तो साक्षरांचा आहे. टॅब उघडण्यासाठी शिक्षक काचेवर बोट टेकतो. आधारच्या शिबिरात मुले रांगेने बोटे टेकतात. शाईने बोट काळे होत नाही, त्यामुळे काही दिले असे कोणास वाटत नाही. वस्तुतः दिले जाते ते पूर्वीपेक्षा अधिक आहे. ते काय, आणि कोठे जाते, हे शिक्षकास ठाऊक असणे अगत्याचे आहे. कारण मुले बोट पुढे करतात ती गुरुजींच्या किंवा बाईंच्या शब्दावरून.

बोटाच्या शेवटच्या पेरावरील कातडी नीट पाहिली तर ती सरी-वरंबे पाडलेल्या शेतासारखी दिसते. वरंबे वळत जातात, मध्येच एखादा संपतो, एखादा फुटून त्याचे दोन होतात. ही रचना मूल जन्मण्यापूर्वीच ठरते आणि जन्मभर तशीच राहते. जुळ्या भावंडांचीही सारखी नसते. टॅबच्या कडेवरील किंवा बटणावरील सेन्सर म्हणजे एक इवलीशी पट्टी असून तिच्या पृष्ठभागाखाली विजेचा सूक्ष्म भार धरून ठेवणारे हजारो बिंदू ओळीने बसविलेले असतात. बोट टेकले की वरंबे पृष्ठभागाला चिकटतात आणि सऱ्यांच्या जागी हवेची पातळ पोकळी राहते. वरंब्याखालच्या बिंदूत भार अधिक साठतो, सरीखालच्या बिंदूत कमी. प्रत्येक बिंदूचा हा कमीअधिकपणा मोजला की शेताचा नकाशा तयार होतो. दुसऱ्या जातीची यंत्रे प्रकाशाने हेच काम करतात. बोटाखालून उजेड पाडून ती त्याचे चित्र घेतात. बोट ओले असले, फार कोरडे असले किंवा त्यावर खडूची भुकटी असली की नकाशा बिघडतो. तास संपवून फळ्याकडून आलेल्या शिक्षकास टॅब प्रथम का ओळखत नाही, ह्याचे उत्तर पुष्कळदा एवढेच असते.

एवढा सारा नकाशा जपून ठेवण्याची गरज नसते. गावच्या शिवेवर हद्दीचे दगड असतात, त्याप्रमाणे जेथे वरंबा संपतो आणि जेथे तो फुटतो त्या जागा, त्यांची दिशा व एकमेकींतील अंतरे यंत्र टिपून घेते. ह्या टिपणाला साचा म्हणावे. पुढच्या वेळी बोट टेकले की नवा साचा जुन्याशी ताडून पाहिला जातो. दोन्ही तंतोतंत कधीच जुळत नाहीत, कारण बोट प्रत्येक वेळी थोडे वेगळे दाबले जाते. तेव्हा ‘पुरेसे जुळले’ की यंत्र होय म्हणते. हे पुरेसेपण किती मानावे हे यंत्र बनविणारा ठरवितो. ते सैल ठेवले तर परक्याचे बोट चालून जाते; फार कडक ठेवले तर मालकच बाहेर राहतो. ॲपल कंपनीने आपल्या सेन्सरविषयी असे सांगितले आहे की एका बोटाची नोंद असता परक्या बोटाने कुलूप उघडण्याचा संभव ५० हजारांत एक असतो. नोंदलेली बोटे वाढली की हा संभवही वाढतो.

२०१४ साली ह्याच कंपनीने आयपॅड एअर २ ह्या टॅबवर ठशाचा सेन्सर प्रथम आणला. साचा यंत्रातील एका वेगळ्या बंदिस्त कप्प्यात राहतो. टॅबवरील एखाद्या ॲपने ‘हे बोट मालकाचे आहे काय?’ असे विचारले तर त्यास होय किंवा नाही एवढेच उत्तर मिळते, साचा मिळत नाही. अँड्रॉइडच्या चांगल्या टॅबांतही हीच पद्धत आहे. अशा टॅबचे कुलूप बोटाने उघडण्यास हरकत घेण्याचे कारण नाही. पहारेकऱ्याने ओळखीचा माणूस पाहून दार उघडावे, पण त्याची तसबीर गावभर वाटू नये, असा हा व्यवहार आहे.

परंतु शाळेत येणाऱ्या साऱ्याच टॅबांना असा सेन्सर नसतो. कित्येकदा लहान डबीसारखे निराळे यंत्र तारेने जोडावे लागते, आणि येथे व्यवहार पालटतो. ह्या डबीवर टेकलेल्या बोटाचा ठसा टॅबमध्ये ताडला जात नाही. तो दूर पाठविला जातो आणि तेथील साठ्याशी जुळविला जातो. आधारची व्यवस्था अशी आहे. त्या योजनेतील पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली ह्या गावी देण्यात आला. नोंदणीच्या वेळी दहाही बोटांचे ठसे, दोन्ही डोळ्यांच्या बुबुळांची प्रतिमा व छायाचित्र घेतले जाते. त्या योजनेसाठी मान्य केलेली यंत्रे ठसा यंत्रातच सांकेतिक रूपात बंद करून मग पाठवितात आणि २०१६ च्या आधार अधिनियमाच्या २९ व्या कलमाने असा ठसा कोणासही, कोणत्याही कारणासाठी देण्यास मनाई केली आहे. ही व्यवस्था निष्काळजीपणाची आहे असे कोणी म्हणू नये. तरी पण स्वतःच्या टॅबमध्ये राहिलेला ठसा आणि दूरच्या कोठारात गेलेला ठसा ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आणि तिसरी गोष्ट सर्वांत चिंतेची: कोण्या खाजगी विक्रेत्याने हजेरीसाठी म्हणून आणलेले यंत्र. त्याचा साठा कोठे आहे, किती दिवस राहणार आणि कोण पाहणार, हे अनेकदा विक्रेत्याच्या माणसासही सांगता येत नाही.

पासवर्ड फुटला तर नवा घेता येतो. चावी हरवली तर कुलूप बदलता येते. बोटाचा ठसा एकदा परक्याच्या हाती गेला की त्याच्या जागी दुसरा आणता येत नाही. दहा बोटे संपली की संपली. अमेरिकेच्या सरकारी कर्मचारी-व्यवस्थापन कार्यालयाच्या साठ्यातून सुमारे ५६ लाख माणसांचे ठसे चोरीस गेले, असे २०१५ साली त्या कार्यालयाने जाहीर केले. त्या माणसांना नवी बोटे देण्याचा उपाय कोणाजवळच नव्हता. केवळ साचा गेला, चित्र गेले नाही, असे समाधानही पुरते मानता येत नाही. हद्दीच्या दगडांवरून शेताचे चित्र पुन्हा बरेचसे रेखाटता येते, हे इटलीतील संशोधकांनी २००७ साली दाखविले आहे.

शिवाय ठसा हे गुपित नाहीच. माणूस तो दिवसभर पेल्यावर, दारावर, वहीच्या पुठ्ठ्यावर सोडीत असतो. जपानमध्ये त्सुतोमू मात्सुमोतो व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली जिलेटीनची, म्हणजे मिठाईत घालतात त्या पदार्थाची, बोटे बनवून बाजारातील ११ प्रकारची यंत्रे फसवून दाखविली. हे प्रयोगशाळेतील झाले. तेलंगणात २०१८ साली जे उघडकीस आले ते खेड्यास अधिक जवळचे आहे. तेथे जमिनीच्या नोंदणीकृत दस्तांवरील अंगठ्यांचे ठसे संगणकावरून उतरवून त्यांच्या रबरी प्रती केल्या गेल्या आणि त्यांच्या आधारे दुसऱ्यांच्या नावांवर सिमकार्डे सुरू करण्यात आली. ज्या ‘निशाणी डावा अंगठा’ने जमीन सुरक्षित राहावी, तीच निशाणी चोरास उपयोगी पडली. आधार क्रमांक व बोटाचा ठसा ह्यांवर बँकेतील रक्कम काढण्याची सोय आज गावोगाव आहे, हे लक्षात घेतले म्हणजे ह्या गोष्टीचे गांभीर्य कळते. आधारधारकास आपले ठसे संकेतस्थळावरून किंवा आधारच्या ॲपवरून बंद करून ठेवता येतात व कामाच्या वेळी उघडता येतात. ही सोय पालकसभेत समजावून सांगण्यास पाच मिनिटे पुरतात.

आता मुलांविषयी. पाच वर्षांखालील बालकाच्या आधारसाठी बोटांचे ठसे घेतले जात नाहीत. पाच वर्षे पूर्ण झाल्यावर व पुन्हा पंधराव्या वर्षी ते द्यावयाचे असतात. त्यासाठी कधी कधी शाळेतच शिबिर भरते. रांगेत उभे राहिलेले दुसरीतील मूल ‘माझा ठसा कशासाठी?’ असे विचारीत नाही. वर्गात हात पुढे कर म्हटले की पुढे करावयाचा, हे ते शाळेतच शिकलेले असते. ह्या आज्ञाधारकपणास संमती मानणे योग्य नव्हे.

इंग्लंडमध्ये ग्रंथालयातील पुस्तक घेण्यासाठी व दुपारच्या जेवणाच्या नोंदीसाठी शाळा मुलांचे ठसे घेऊ लागल्या, तेव्हा तेथील संसदेने २०१२ च्या कायद्यात त्याविषयी नियम केला व तो १ सप्टेंबर २०१३ पासून लागू झाला. ठसा घेण्यापूर्वी पालकांस कळवावयाचे व त्यांपैकी एकाची तरी लेखी संमती घ्यावयाची. कोणीही पालक लेखी हरकत घेईल तर ठसा घ्यावयाचा नाही. आणि पालक कबूल असूनही मूल स्वतः नाही म्हणाले, तर मुलाचे म्हणणे चालते. नकार देणाऱ्या मुलासाठी शाळेने दुसरी सोय ठेवलीच पाहिजे. दुसरीतील मुलाच्या ‘नाही’ला कायद्याने एवढे वजन दिले, ही गोष्ट थोडी थांबून विचार करण्यासारखी आहे.

भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. २६ सप्टेंबर २०१८ च्या निर्णयाने आधार योजना बहुतांशी कायम केली, परंतु शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचा करता येणार नाही असेही सांगितले. २०१९ च्या दुरुस्तीनुसार बालकाच्या नोंदणीस आईवडिलांची किंवा पालकाची संमती लागते, आणि ओळख पटविता आली नाही म्हणून बालकास लाभ नाकारता येत नाही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ हा १८ वर्षांखालील प्रत्येकास बालक मानतो व त्याची माहिती वापरण्यापूर्वी पालकाची खात्रीलायक संमती घेण्याचे तत्त्व मांडतो. त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत शैक्षणिक संस्थांना काही मर्यादित सवलती असून तरतुदींची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने व्हावयाची आहे.

एक गोष्ट यंत्राच्या बाजूने बोलणारे सहसा सांगत नाहीत. वरंबे झिजतात. ऊसतोडणी करणाऱ्या बाईचे, वीटभट्टीवरील मजुराचे, धुणीभांडी करणाऱ्या हातांचे ठसे यंत्रास कित्येकदा वाचताच येत नाहीत. लहान मुलांच्या बोटांवरील वरंबे इतके बारीक असतात की त्यांचीही तीच गत होते. अशा मुलाचे बोट दहा वेळा काचेवर दाबून, पुसून, पुन्हा दाबून साऱ्या वर्गासमोर त्यास ओशाळे करणे हे शिक्षकाने होऊ देऊ नये. ठसा न उमटणे हा यंत्राचा तोकडेपणा आहे. मुलाचे काम कागदावरील नोंदीने पुरे करावे.

राहिला शाळेच्या टॅबचा रोजचा वापर. तो एकाच्या नावावर असला तरी चार हातांत फिरतो, आणि येथेच बारीकसारीक चुका होतात. गृहपाठ दाखविण्यासाठी हुशार मुलाचे बोट टॅबमध्ये नोंदवून ठेवणे हे सोयीचे वाटते; पण टॅब त्या मुलास मालकच समजतो. त्यावर शिक्षकाचे बँकेचे ॲप असेल तर तेही पुष्कळदा त्याच बोटाने उघडेल. ज्यास पिन ठाऊक आहे त्यास आपले बोट गुपचूप नोंदविता येते, म्हणून पिन हीच खरी किल्ली आहे. ती फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवण्याची सवय मोडली पाहिजे. सेटिंग्जमध्ये किती बोटे नोंदली आहेत हे महिन्यातून एकदा पाहावे व अनोळखी नोंद दिसल्यास ती पुसून पिन बदलावा. जोडयंत्र काम संपताच काढून कपाटात ठेवावे. बदली झालेल्या शिक्षकाने चार्ज देताना टॅब डेडस्टॉक रजिस्टरप्रमाणे मोजून देणे पुरेसे नाही. आपली बोटे व खाती त्यातून काढावीत, शाळेची कामाची माहिती अन्यत्र उतरवून टॅब मूळ स्थितीत आणावा आणि चार्जयादीच्या शेऱ्याच्या रकान्यात ‘ठसे पुसले’ असे तारखेसह लिहून देणाऱ्याने व घेणाऱ्याने त्याखाली सह्या कराव्यात.