शटरपासून शटरपर्यंत

पहाटे ४. जळगाव स्टेशनच्या आसपास दुकानांच्या पायऱ्यांवर झोपलेली कुटुंबं उठतात. बायकांना उजाडण्याआधी आडोसा गाठायचा असतो. पैसे मोजून शौचालयात जाणं रोज सगळ्या घराला परवडत नाही.

५ ते ८. बाई गोणी घेऊन बाजारपेठेत. पुठ्ठा, बाटल्या, पत्रा जे मिळेल ते घंटागाडी यायच्या आत वेचायचं. तान्हं झोळीत, मोठी मुलगी मागे. यांना आळशी म्हणणारे उठतात तेव्हा या बाईचं तीन तासांचं काम झालेलं असतं.

९. नवरा मजूर अड्ड्यावर उभा राहतो. काम मिळालं तर मजुरी, नाहीतर तोही गोणी उचलतो.

१०. भंगारवाल्याकडे वजन. पुठ्ठा ओला म्हणून काट धरली जाते. आजारपणात त्याच्याकडूनच उचल घेतलेली, त्यामुळे दुसरं दुकान बघता येत नाही.

१२. हॉटेलच्या मागच्या नळावरून कॅनभर पाणी, तीन विटांची चूल, भाकरी आणि मिरचीचा ठेचा.

दुपार. मे महिन्यात इथला पारा ४५ अंशांपर्यंत जातो. सावली पुलाखाली, पण तिथंही कोणीतरी जागं हवं. बोचक्यात कपडे, भांडी आणि आधार कार्ड असतं. अतिक्रमणाच्या गाडीत ते गेलं तर रेशनपासून दवाखान्यापर्यंत सगळं पुन्हा पहिल्यापासून. म्हणून राखणीला मूल बसतं. शाळेत नाव घालायला कोणी नाही म्हणत नाही, तरी मूल वर्गात पोचत नाही, त्याचं हे एक साधं कारण आहे. बोचकं ठेवायला कुलपाची एक पेटी मिळाली, तर ते मूल सकाळी मोकळं होईल.

संध्याकाळी ६. बाजार उठताना उरलेली भाजी. धुळ्यातही पाचकंदील, आग्रा रोडकडं हेच. अनोळखी गल्लीत शिरताना मात्र जीव मुठीत असतो. १ जुलै २०१८ ला साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून जमावानं नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना ठार मारलं. पोटासाठी फिरणारी माणसं होती ती.

रात्री ११. शेवटचं शटर पडल्यावर अंथरूण. मुली मध्ये, आई कडेला. २०११ च्या जनगणनेत बेघरांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली. देशभरात १७ लाखांहून जास्त माणसं उघड्यावर सापडली.

राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानानं लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांचा, चोवीस तास उघडा निवारा ठरवून दिला होता. २०११ मध्येच जळगावची लोकसंख्या साडेचार लाखांवर होती आणि धुळ्याची पावणेचार लाख. पण बाप एकीकडे आणि आई-लेकरं दुसरीकडे झोपवणाऱ्या निवाऱ्यात कुटुंब जात नाही. आपल्या नगरसेवकाला एवढंच विचारा: आईबाप आणि मुलं एकत्र झोपतील, बोचकं कुलपात राहील, अशा जागा आपल्या शहरात किती आहेत?