अवधचा 'सीताराम'

लखनौच्या कैसरबागेतील सफेद बारादरी ही नवाबी वास्तू अवधच्या तालुकदारांच्या संघटनेचे पीठ होती. १८५७ च्या उठावानंतर ब्रिटिशांनी सनदा देऊन या वर्गाचे हक्क पक्के केले आणि सुमारे नव्वद वर्षे खेड्यापाड्यांतून त्याचीच सत्ता चालली. १८८६ च्या कायद्याने कुळास सात वर्षांची मुदत दिली व खंडवाढीस मर्यादा घातली. परंतु मुदत संपताच बेदखलीचा धाक दाखवून नजराणा उकळण्याची वाट मोकळीच राहिली. वेठबिगार होतीच.

या सत्तेविरुद्ध १९२० साली शेतकऱ्यांना एकत्र आणणाऱ्यांत अग्रणी होता एक मराठी मनुष्य. श्रीधर बळवंत जोधपूरकर गिरमिटिया मजूर म्हणून फिजीस गेले. मजूर म्हणून ब्राह्मण नको असत. त्यामुळे त्यांनी रामचंद्र हे नाव धारण केले. परतल्यावर फैजाबाद भागात रामचरितमानसाचे पाठ करीत हिंडणारे बाबा रामचंद्र ते हेच. प्रतापगढ जिल्ह्यातील रूरे गावी झिंगुरी सिंह व सहदेव सिंह यांनी किसान सभा आधीच स्थापिली होती. बाबांनी तिला भाषा दिली.

ही भाषा पत्रकांची नव्हती. वरिष्ठास 'सलाम' करण्याच्या प्रघाताऐवजी 'सीताराम' रूढ झाला. सलामात करणारा खाली व घेणारा वर असतो. 'सीताराम' दोघांनी परस्परांस सारखाच म्हणावयाचा असतो. हीच आरोळी गावोगाव पोचताच माणसे जमत, असे जवाहरलाल नेहरूंनी आत्मचरित्रात नमूद केले आहे. ऑगस्ट १९२० मध्ये चोरीच्या आरोपावरून बाबांना अटक झाली, तेव्हा प्रतापगढला लोटलेल्या जमावापुढे सरकारला त्यांची सुटका करावी लागली.

जानेवारी १९२१ मध्ये रायबरेलीनजीक मुन्शीगंज येथे शेतकऱ्यांवर गोळीबार झाला. फेब्रुवारीत बाबा पुन्हा तुरुंगात गेले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कुळास हयातभर कब्जा मिळाला, वारसास मात्र कायमचा हक्क नाही. वर्षअखेरीस हरदोई, सीतापूर भागांत 'एका' चळवळ उभी राहिली. मदारी पासी तिचे प्रमुख नेते होत. तिच्या सभांत गंगेचे प्रतीक म्हणून खड्ड्यात पाणी भरीत व शपथ घेववीत. विधी धार्मिक, आशय मात्र रोकडा: नोंदलेलाच खंड वेळेवर द्यावा, वेठ करू नये, अन्यायाने बेदखल केले तरी शेत सोडू नये. जमीनदारी कायद्याने संपली ती १९५२ मध्ये.

परिचित काव्याचा एकही शब्द न बदलता, तो कोणी कोणास म्हणावयाचा एवढेच या चळवळीने बदलले. वाङ्मयाच्या अभ्यासकास येथे भक्तिपरंपरेच्या सामाजिक सामर्थ्याचा पुरावा मिळतो. बाबांच्या आठवणी हिंदीत आहेत. केवळ भाषावार इतिहास लिहू गेल्यास असा मनुष्य मराठीच्या कक्षेबाहेर राहतो आणि हिंदीतही त्याचे मूळ विसरले जाते. म्हणून भारतीय साहित्याचा विचार भाषांच्या सीमा ओलांडूनच करावा लागतो.